फुलं खा, पण भाजीसारखी खा (आणि बिट्टी अजिबात नको)

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत खाण्याच्या फुलांवर पानभर लेख आला, फुलांमध्ये अँटिऑक्सिडंट्स (म्हणजे ऑक्सिडेशनने होणारी झीज रोखणारी द्रव्यं) कशी ठासून भरलीयत आणि त्याचा हार्ट, शुगर, स्किन, केस, कॅन्सर सगळ्यावर कसा फायदा होतो असा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो सकाळचा चहा व्हायच्या आत येऊन पडला आणि संध्याकाळी बघते तर खालच्या मजल्यावरच्या काकू कुंडीतली जास्वंद तोडून उकळायला ठेवतायत, बीपीसाठी म्हणे. म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. विषय घेतलात ते छानच केलंत, फुलं खाण्याबद्दल आपल्याकडे पेपरात फारसं येत नाही आणि आलं तरी परदेशी शेफच्या प्लेटवरचं येतं, पण लेखात काही गोष्टी धोकादायक आहेत आणि काही नुसत्याच फुगवलेल्या आहेत, आणि मी आयुष्यभर फूड टेक्नॉलॉजी शिकवलेली बाई असल्यामुळे मला गप्प बसवत नाही.

सगळ्यात आधी तो फोटो. काचेच्या बाऊलमध्ये सॅलड आणि त्यावर रंगीत फुलं पसरलेली, गुलाबाच्या पाकळ्या, झेंडू, गोकर्ण इथपर्यंत ठीक, पण कडेला जी दोन पिवळीधम्मक नरसाळ्यासारखी फुलं ठेवलीयत ती बिट्टीची आहेत हो! पिवळी कण्हेर म्हणतात तीच. त्या झाडाचं पान, फूल, चीक, बी सगळं विषारी, बी तर सगळ्यात जास्त, आणि ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. गुलाबी-पांढऱ्या कण्हेरीचंही तेच. २०२४ मध्ये केरळात एका तरुण मुलीचा मृत्यू कण्हेरीचं पान-फूल चावल्याने झाला असा संशय आला आणि त्या मे महिन्यात तिथली देवळं चालवणाऱ्या त्रावणकोर देवस्वोम बोर्डाने देवळांमधल्या नैवेद्यातून आणि प्रसादातून कण्हेरीची फुलं बंद करून टाकली, सगळ्या पेपरांत आलेली बातमी आहे ती. आणि इथे आपण तसल्याच विषाची फुलं हेल्दी सॅलडवर छापतोय. फोटो कुठून तरी इंटरनेटवरून उचलला असणार, लेख लिहिणाऱ्या बाईंचा दोष नसेल, पण वाचणारा फोटोच बघतो, खालचा मजकूर कोण वाचतंय.

आता अँटिऑक्सिडंटकडे येते. लेखात प्रत्येक फुलापुढे एकेक आकडा दिलाय आणि अमुक फुलात ब्लूबेरीच्या इतके पट जास्त वगैरे. हे आकडे येतात कसे ते सांगते म्हणजे त्यांची किंमत कळेल. लॅबमध्ये फुलं वाळवायची, पावडर करायची, ती बहुतेक वेळा मेथॅनॉल नावाच्या विषारी अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढायचा, मग डीपीपीएच नावाचं एक जांभळं द्रावण असतं त्यात तो अर्क टाकायचा, जांभळा रंग उतरून फिकट पिवळा झाला की किती उतरला ते मशीनवर मोजायचं, जितका जास्त उतरला तितकं अँटिऑक्सिडंट जास्त. झाली टेस्ट. आमच्या मुलांना ती फार आवडायची कारण रंग डोळ्यासमोर बदलतो. टेस्ट खोटी नाही, पण ती परीक्षानळीत काय होतं तेवढंच सांगते, आपण भाजी मेथॅनॉलमध्ये करत नाही, आणि पोटात गेल्यावर यातलं किती शोषलं जातं, आतड्यातले जीवाणू त्याचं काय करतात, लिव्हर त्याला कसं बदलतं याबद्दल ती काही बोलत नाही. शिवाय फुलात पाणीच नव्वद टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वाळलेल्या शंभर ग्रॅम पावडरसाठी साधारण किलोभर ताजी फुलं लागली, आणि तुलना मात्र ताज्या फळाशी केलेली. असं केल्यावर कुठलंही फूल जिंकेलच ना.

आणि आकड्यांनीच जायचं तर सगळ्यात मोठा आकडा ज्या फुलाचा आहे त्याचं तुमच्या लेखात नावच नाही. लवंग! लवंग म्हणजे न उमललेली वाळवलेली कळीच की. पॉलिफिनॉल (अँटिऑक्सिडंट्सचाच एक मोठा गट) जास्त असलेल्या पदार्थांच्या याद्या निघतात त्यात लवंग वरच असते, शंभर ग्रॅममध्ये पंधरा ग्रॅमच्या आसपास. मग काय शंभर ग्रॅम लवंगा खायच्या? मसालेभातात चार-पाच पडतात, जेमतेम अर्धा ग्रॅम, त्यातली एक दाताखाली आली तरी आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. सांगायचा मुद्दा हा की शंभर ग्रॅमचा आकडा आणि ताटातलं माप यांचा काही मेळ नसतो.

अमेरिकेच्या शेती खात्याने पूर्वी अशा आकड्यांचा एक मोठा तक्ता वेबसाइटवर ठेवला होता, ओआरएसी नावाचा, कुठल्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट क्षमता त्याचा. २०१२ मध्ये त्यांनी तो स्वतःहून काढून टाकला, कारण सप्लिमेंट विकणाऱ्या कंपन्या ते आकडे डब्यांवर छापून वाटेल ते दावे करायला लागल्या होत्या आणि परीक्षानळीतली क्षमता माणसाच्या शरीरात तशीच चालते याला पुरावा नव्हता. त्याआधीची गोष्ट तर जास्त गंभीर आहे. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या एकोणतीस हजारांवर पुरुषांवर मोठा प्रयोग झाला, त्यात काही जणांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, रोज २० मिलिग्रॅम, काही वर्षं. अपेक्षा अशी की अँटिऑक्सिडंट आहे तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. जास्त! अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. बीटा कॅरोटीन म्हणजे काही विष नाही हो, गाजर-भोपळ्यात असतं तेच, भाजीतून खाल्लं तर चांगलंच आहे, पण वेगळं काढून गोळी केली की त्याचा स्वभाव बदलला. म्हणून 'फुलातलं अँटिऑक्सिडंट कॅन्सरपासून वाचवतं' असं वाक्य पेपरात छापताना हात थोडा आखडता घ्यायला हवा होता असं मला वाटतं.

आता काकूंच्या जास्वंदीचं. लेखात म्हटलंय की जास्वंदीच्या चहाने बीपी उतरतं हे सिद्ध झालंय. नाही, ते दुसऱ्याच झाडाबद्दल सिद्ध झालंय. बाजारात लाल आंबट हिबिस्कस चहा मिळतो तो लाल अंबाडीचा असतो, विदर्भात ज्या बोंडांची चटणी आणि सरबत करतात ती अंबाडी. आणि ती सुद्धा पाकळी नव्हे, फूल गळून गेल्यावर फळाभोवती जी लाल जाड आवरणं राहतात ती. त्या चहाची एक चांगली टेस्ट अमेरिकेत झालीय, २०१० साली छापून आली, थोडं बीपी वाढलेले ६५ लोक, निम्म्यांना सहा आठवडे रोज तीन कप हा चहा, बाकीच्यांना तसंच दिसणारं नकली पेय. वरचं बीपी चहावाल्यांचं सरासरी ७ ने उतरलं, नकलीवाल्यांचं एक-सव्वाने. म्हणजे फायदा खरा आहे, पण मध्यम आहे, रोज तीन कपांनी आहे, आणि ज्यांची बीपीची गोळी चालू आहे त्यांनी डॉक्टरांना न सांगता वरून हा चहा सुरू केला तर बीपी नको तितकं खाली जाऊ शकतं. कुंडीतली गणपतीची जास्वंद ही त्याच खानदानातली पण वेगळी वनस्पती, तिच्यावर असं काही झालेलं नाही, उलट उंदरांवरच्या प्रयोगांत तिच्या अर्काचा गर्भ राहण्यावर परिणाम दिसलाय, त्यामुळे दिवस गेलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बायकांनी तिचे काढे पिऊ नयेत. ही ओळ लेखात हवी होती, जास्वंदीच्या केसांच्या तेलावर मात्र दोन परिच्छेद आहेत.

गोकर्णाचं निळं सरबत सध्या प्रत्येक कॅफेत आहे. लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं आणि लोक व्हिडिओ काढतात. तो रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, आम्ल वाढलं की बदलतो, जांभळाचा रस, लाल कोबी यांच्यातही तेच. थायलंडमध्ये ते पेय जुनंच आहे. अमेरिकेने २०२१ मध्ये त्याच्या अर्काला खाण्याचा रंग म्हणून परवानगी दिली, पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये सुकवलेल्या फुलांवर आक्षेप घेतला, त्यात सायक्लोटाइड नावाची जी द्रव्यं असतात त्यामुळे. म्हणजे कधीतरी ग्लासभर प्यायलात म्हणून काही बिघडत नाही, पण रोज उपाशीपोटी डिटॉक्स म्हणून नको. आणि चव? चव काहीच नसते त्याला, खरं सांगा.

झेंडूचं तर लेखात उलटंच झालंय. झेंडूच्या पाकळ्यांचा चहा डोळ्यांसाठी म्हणे. झेंडूत ल्युटीन, म्हणजे डोळ्यांसाठी सांगतात ते पिवळं रंगद्रव्य, असतं हे शंभर टक्के खरं, बाजारातल्या डोळ्यांच्या गोळ्यांमधलं ल्युटीन बहुतेक झेंडूचंच असतं, कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात म्हणजे बलक पिवळाजर्द होतो. पण ल्युटीन तेलात विरघळतं, पाण्यात नाही! चहा करून गाळून पाकळ्या फेकून दिल्या तर ल्युटीन पाकळ्यांबरोबर डस्टबिनमध्ये गेलं. त्यापेक्षा पालक-मेथी तेलाच्या फोडणीत परतून खा, त्यात ल्युटीन भरपूर असतं आणि वीस रुपयांची जुडी येते.

आता हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की या बाई फुलांच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. उलट माझं म्हणणं असंय की आपल्याकडे खाण्याची फुलं भरपूर आहेत आणि लेखात त्यातलं एकही नीट आलं नाही. पॅन्सी, नॅस्टर्शियम, लॅव्हेंडर या परदेशी फुलांनाच अर्धं पान गेलं, आणि केळफुलाला एक ओळ. केळफूल! अहो ते तर फुलांमधलं सगळ्यात मोठं, पोटभर, आणि बाराही महिने मिळणारं.

केळफुलाबद्दल एक गंमत सांगते, वर्गात नेहमी सांगायचे. केळफूल चिरलं की काळं पडतं आणि आपल्याकडे घरोघरी सांगतात की त्यात लोह खूप म्हणून काळं पडतं. तसं नाहीये. त्यात पॉलिफिनॉल असतात, म्हणजे तुमची तीच अँटिऑक्सिडंट्स, आणि एक एन्झाइम असतं, चिरल्यावर हवा लागली की एन्झाइम त्या पॉलिफिनॉलचं ऑक्सिडेशन करतं आणि काळा रंग येतो. म्हणजे ते काळं पडणं हेच अँटिऑक्सिडंट खर्च होताना दिसणं आहे. आणि आपल्या आज्या चिरलेलं केळफूल लगेच ताकात का टाकायच्या, कारण आंबट पाण्यात ते एन्झाइम मंदावतं, शिवाय तुरटपणा आणि चीक निघतो. हाताला आधी तेल लावायचं, लालसर पानं एकेक उलगडायची, आतल्या प्रत्येक छोट्या फुलातली ती ताठ काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा कारण तो शिजत नाही, मग बारीक चिरून ताकाच्या पाण्यात रात्रभर. सकाळी पिळून उकडायचं, भिजवलेले काळे वाटाणे किंवा वाल, फोडणी, गूळ, ओलं खोबरं. काम किचकट आहे मान्य, पण बसून टीव्ही बघत होतं. यात फायबर भरपूर, कॅलरी कमी, आणि वाटाण्यांमुळे प्रोटीन, एका वाटीत जेवण झालं. हा फायदा मोजायला जांभळं द्रावण लागत नाही.

मग हादगा. पावसाळा संपता संपता, मुली हादगा-भोंडला खेळतात त्या सुमाराला झाड फुलतं, पांढरी किंवा लाल पक्ष्याच्या चोचीसारखी फुलं, आतला दांडा कडू असतो तो काढायचा आणि मग भाजी किंवा भजी. शेवग्याची फुलं थंडीच्या शेवटी, झाडाखाली सडा पडतो आणि लोक झाडून टाकतात, जीव तुटतो. पडलेली मातीतली नको पण झाडावरची गुच्छाने काढा, मिठाच्या पाण्यातून काढून पिळा, कांदा आणि भिजवलेली चणाडाळ घालून परता, कोकणात काही घरी त्यात अंडं फोडून घालतात तीही फार छान लागते. शेवग्याच्या फुलात क्वेरसेटिन, केंफेरॉल वगैरे अँटिऑक्सिडंट्स आहेतच, लेखकबाईंना नावं हवीच असतील तर. भोपळ्याचं फूल तोडताना लांब देठाचं नरफूल तोडा, मादीफुलाच्या खाली इवलासा भोपळा असतो तो राहू द्या, नाहीतर फूल खाल्लंत आणि भोपळा गेला. आणि भजीच करणार असाल तर कृपा करून त्याला अँटिऑक्सिडंट डाएट म्हणू नका, ती भजी आहेत, मजेत खा.

उन्हाळ्यात कुड्याची फुलं, पावसात भारंगी, ही आमच्याकडे मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्या आदिवासी बायका स्टेशनबाहेर फडक्यावर घेऊन बसतात, वाटा करून. त्यांना विचारलं तर कुठला भाग घ्यायचा, किती उकळायचं, पाणी फेकायचं की ठेवायचं सगळं पटपट सांगतात, आणि कुठलं फूल तोंडात घालायचं नाही हेही. ऑगस्टमध्ये कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव घेतो तिथे या बायका बोलायला असतात, तुमच्या वार्ताहरांनी तिथे एक दिवस बसावं, डाएटिशियनच्या मुलाखतीपेक्षा चांगला मजकूर मिळेल. (डाएटिशियन मंडळींनी रागावू नये, माझ्या विद्यार्थिनीच आहेत त्यातल्या कितीतरी.)

मोहाचं मात्र वेगळं सांगायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडलेली गरदार फुलं वेचतात, वाळवतात, लाडू करतात, भाकरीत घालतात. दारूमुळे त्याच्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं कायद्याची बंधनं होती, २०२१ मध्ये राज्य सरकारने गोळा करण्या-साठवण्यावरची बंधनं उठवली, आणि आता मोहाचे लाडू, जॅम शहरातल्या प्रदर्शनात दिसतात, ज्याला त्याला 'शुगर फ्री' चिकटवलेलं. अहो वाळलेल्या मोहात निम्म्याहून जास्त साखरच असते, म्हणून तर त्याची दारू होते! फुलातली साखर म्हणजे डायबेटिसवाल्यांना चालणारी साखर असं काही नसतं. गुलकंदाचंही तेच, पाकळ्यांइतकी किंवा त्याहून जास्त साखर घालून उन्हात मुरवतात, चमचाभर विड्यात किंवा दुधात छान, पण लेखात गुलकंद 'शुगर कंट्रोल'च्या चौकटीत छापलाय ते वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं.

आणि शेवटची, अगदी व्यवहाराची गोष्ट. लेखात लिहिलंय की फुलवाल्याकडून ताजे गुलाब आणि शेवंती आणून सॅलडवर घाला. नका घालू! हार आणि बुके यांच्यासाठी पिकवलेल्या फुलांवर कीड आणि बुरशीची औषधं मारतात ती खायच्या पिकाच्या हिशेबाने नसतात, फवारणीनंतर इतके दिवस तोडणी नको हा जो नियम भाजीला असतो तो तिथे पाळायचं कोणाला कारणच नसतं, कारण ते कोणी खाईल असं धरलेलंच नाही. नुसतं धुऊन सगळं जात नाही. खायचं फूल एकतर स्वतःच्या कुंडीतलं, न फवारलेलं, नाहीतर खाण्यासाठी म्हणूनच विकायला आलेलं. देवाला वाहिलेलं, रस्त्याकडेच्या झाडाचं, नर्सरीतून कालच आणलेल्या रोपाचं नको. परागकणांची ॲलर्जी किंवा दमा असलेल्यांनी मधले केसर काढून टाकावेत आणि नवीन फूल पहिल्यांदा अगदी थोडंसंच खाऊन बघावं, लहान मुलांना तर प्रयोग म्हणून काहीच देऊ नये.

तर माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच साइजमध्ये, बिट्टी, कण्हेर, धोतरा, कळलावी आणि रुई यांचे स्पष्ट फोटो छापून खाली 'ही खायची नाहीत' असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि मागच्या फोटोत बिट्टी होती हेही लिहा, आत कोपऱ्यात खुलासा म्हणून बारीक टाइपात नको. कळलावी तर पावसाळ्यात कोकणात कुंपणाकुंपणावर इतकी सुंदर फुलते की फोटो काढून सॅलडवर ठेवायचा मोह होईल, तिच्यात कॉल्चिसिन असतं आणि त्याचं विष भयंकर असतं. ऑनलाइन आवृत्तीतला फोटो मी हे लिहितेय तोपर्यंत तसाच आहे, तो तरी आज काढा. खालच्या काकूंना मी अंबाडीची वाळलेली बोंडं आणून दिलीत आणि आधी डॉक्टरांना विचारा म्हणून सांगितलंय, त्यांना त्यांच्या ओळखीतून कोणीतरी केळफूलही आणून दिलंय, साफ कोण करणार यावर सध्या घरात वाद चालू आहे.

आपली,
एक जुनी वाचक (निवृत्त शिक्षिका, फूड टेक्नॉलॉजी), डोंबिवली